शेजारची सीटही विकत घेतली, तर बॅगाही दुप्पट नेता येतात का?

पैस:
एका प्रवाशासाठी इकॉनॉमीत शेजारशेजारच्या दोन सीट घ्यायच्या आहेत. कारण एवढंच, की एका सीटमध्ये नीट बसता येत नाही. प्रवास आंतरराष्ट्रीय आहे, मध्ये एकदा विमान बदलायचं आहे आणि दोन टप्प्यांना दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं आहेत. आरक्षण मात्र एकच. पहिल्या सीटवर २३ किलोची एक चेक-इन बॅग मिळते आहे.

दुसऱ्या सीटचेही पूर्ण पैसे भरल्यावर आणखी २३ किलोची बॅग मिळते का? केबिन बॅगही दोन नेता येतात का? दोन बॅगांऐवजी एकच मोठी ४६ किलोची चालेल का? आणि वेबसाइटवर दुसऱ्या प्रवाशाचं नाव काय टाकायचं? स्वतःचंच नाव दोनदा टाकलं तर?

तिकीटखिडकी:
सामान सीटला मिळत नाही, तिकिटाला मिळतं. म्हणून दुसरी सीट तुम्हाला कुठल्या कागदावर विकली गेली, यावर सगळं ठरतं. 'जादा सीट' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली ईएक्सएसटी. स्वतःला ऐसपैस बसता यावं म्हणून घेतलेली सीट ती हीच, आणि तुम्हाला हवी आहे तीही हीच. आरक्षणात तिला दुसरा प्रवासी समजून जागा दिली जाते: आडनाव तुमचं आणि नावाच्या जागी ईएक्सएसटी. तिचं वेगळं ई-तिकीट निघतं, त्याचा १३ आकडी क्रमांक वेगळा असतो. भाडं सहसा पहिल्या सीटच्याच दराने लागतं. प्रवाशामागे घेतले जाणारे काही विमानतळ-कर बऱ्याचदा वगळले जातात, कारण त्या सीटवरून माणूस जात नाही. इंधन अधिभार मात्र सहसा लागतो.

दुसरी सीबीबीजी. म्हणजे सीटवर माणूस नाही, वस्तू बसणार: वाद्य, चित्र, नाजूक यंत्र. इथे ती वस्तू हेच त्या सीटचं सामान. तिच्यावर वेगळी चेक-इन बॅग सहसा मिळत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ईएक्सएसटी घेऊन त्यावर वस्तू ठेवता येत नाही, सीबीबीजी घेऊन तिथे पाय पसरून बसता येत नाही. दोन्हींचे नियम वेगळे, परवानगीही वेगळी.

तिसरी म्हणजे 'शेजारची सीट रिकामी ठेवा' अशी सेवा. आरक्षण झाल्यावर ईमेलवर किंवा ॲपमध्ये हिची जाहिरात येते, कधी बोली लावायला सांगतात. स्वस्त पडते म्हणून मोह होतो. पण हे तिकीट नव्हे. याची नुसती ईएमडी नावाची पावती निघते. विमान भरलं तर कंपनी पैसे परत करून त्या सीटवर माणूस बसवू शकते. सामानाचा इथे प्रश्नच येत नाही: एक किलोही वाढत नाही. ज्याला दुसरी सीट गरजेची आहे त्याने या सेवेवर विसंबू नये.

आता ईएक्सएसटीवर सामान मिळतं का? काही कंपन्या दुसऱ्या तिकिटालाही पहिल्यासारखीच बॅग देतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. स्वस्त भाड्याच्या कंपन्यांत उत्तर बहुधा 'नाही' असंच असतं, तिथे केबिन बॅगही वाढत नाही. कंपनी कुठलीही असो, तपासायची जागा एकच: दुसऱ्या ई-तिकिटाच्या पावतीवरचा सामानाचा रकाना. तिथे प्रत्येक टप्प्यासमोर '१पीसी', '३०के' किंवा '०पीसी', 'निल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पीसी म्हणजे नग, के म्हणजे किलो. दुसऱ्या तिकिटावर १पीसी असेल तर काउंटरवर वाद घालायला तुमच्या हातात कागद आहे. निल असेल तर फोनवर कोणी काहीही सांगितलेलं असो, वजनकाट्यापाशी त्याचा उपयोग नाही.

अजून एक. दुसरी सीट पहिल्याच भाडेप्रकारात घ्यावी लागते. पहिल्या भाड्यात चेक-इन बॅगच नसेल तर दुसऱ्या सीटवरही ती येणार नाही. शून्य गुणिले दोन शून्यच.

तिकीटखिडकी:
नावाचा प्रश्न राहिलाच. स्वतःचं नाव दोनदा अजिबात टाकू नका. एकाच विमानात एकाच नावाची दोन आरक्षणं दिसली की कंपन्यांच्या यंत्रणा त्यांना चुकून झालेलं दुहेरी आरक्षण समजतात आणि त्यातलं एक आपोआप रद्द करतात. कधी पैसे भरून झाल्यावर, कधी प्रवासाच्या दोन दिवस आधी. रद्द होणारं आरक्षण जादा सीटचंच असेल असंही नाही.

नाव लिहायची पद्धत कंपनीगणिक बदलते. कुठे आडनावापुढे ईएक्सएसटी, कुठे 'एक्स्ट्रा' आडनावाच्या जागी आणि 'कम्फर्ट सीट' नावाच्या जागी, तर कुठे वेबसाइटवर सोयच नाही, फोनच करावा लागतो. तिकिटं विकणाऱ्या तिऱ्हाईत साइटवर हा व्यवहार करू नये. त्यांच्या अर्जाला जन्मतारीख आणि पासपोर्ट हवा असतो, रिकाम्या सीटला ते नसतं. मग खोटी जन्मतारीख टाकली जाते आणि तो 'प्रवासी' खराखुरा माणूस म्हणून नोंदला जातो. विमानतळावर तो माणूस कुठे आहे असं विचारतात.

क्रम असा ठेवा. आधी फोनवर विचारा की त्या विमानात ईएक्सएसटी मिळते का. पहिली सीट आणि जादा सीट एकाच पीएनआरमध्ये, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, एकाच वेळी काढा. आधी एक काढून मग दुसरी जोडायला गेलात तर तोवर दर बदललेला असतो आणि शेजारची सीट गेलेली असते. तुमच्या बाबतीत दुसरा टप्पा दुसऱ्या कंपनीचा आहे, तेव्हा ईएक्सएसटीची विनंती त्या कंपनीकडेही जाते आणि तिचा होकार यावा लागतो. फोनवरच्या माणसाला विचारा, "दोन्ही टप्प्यांवर ईएक्सएसटीचा स्टेटस एचके आहे का?" एचके म्हणजे पक्कं. एचएन म्हणजे मागणी गेली आहे, उत्तर आलेलं नाही. यूएन किंवा यूसी म्हणजे नकार. फोनवर बोलताना 'झालं' असं ऐकू येतं ते पुष्कळदा एचएनच असतं. तिकिटाचे पैसे एचके दिसल्यावरच भरा.

शेवटी दोन्ही सीटचे क्रमांक तिथेच नेमून घ्या आणि दोन्ही पावत्या ईमेलवर मागवा. दोन कंपन्यांच्या प्रवासात सामानाचा नियम सहसा कुठल्यातरी एकाच कंपनीचा सगळ्या टप्प्यांना लागू होतो. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या एका आरक्षणावरच्या प्रवासात तर तो मध्येच बदलता येत नाही. तरी रकाना टप्प्याटप्प्याने वाचा, कारण नियम माणसाच्या बॅगेसाठी बरोबर उतरतो आणि ईएक्सएसटीच्या ओळीत चुकतो.

वजनकाटा:
४६ किलोची एक बॅग: नाही. दोन बॅगांचा हक्क म्हणजे दोन नग, प्रत्येकी २३ किलोपर्यंत. नगाच्या पद्धतीत वजन एका बॅगेतून दुसरीत ढकलता येत नाही. एक २६ आणि दुसरी २० भरली तरी २६च्या बॅगेला जादा वजनाचं शुल्क लागू शकतं. जिथे एकूण किलो मोजतात तिथे वाटणी तुमच्या मर्जीची, पण तिथेही एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर जाऊ देत नाहीत. पैसे भरायची तयारी असली तरी नाही. ती बॅग हातांनी उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी ठरवलेली मर्यादा आहे, तिला सीटशी देणंघेणं नाही. मापाचंही तेच: लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज बहुतेक ठिकाणी १५८ सेंटिमीटर.

केबिन बॅगबद्दल. दुसऱ्या तिकिटावर केबिन बॅग लिहिलेली नसेल तर वरच्या कप्प्यात तुमची एकच बॅग. रिकाम्या सीटवर बॅग ठेवून बसता येईल असं वाटतं, पण विमान उडताना आणि उतरताना सीटवर मोकळी बॅग राहू देत नाहीत. जोरात ब्रेक लागला तर ती पुढच्या रांगेवर जाऊन आदळते. पुढच्या सीटखालच्या दोन्ही जागा मात्र तुमच्याच. छोटी पिशवी शेजारच्या सीटपुढे सरकवली तर आपले पाय मोकळे राहतात.

केवळ जास्त सामान न्यायचंय म्हणून जादा सीट घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. जास्तीची बॅग आधीच ऑनलाइन घेणं जवळपास प्रत्येक वेळी सीटपेक्षा स्वस्त पडतं आणि काउंटरवर घेण्यापेक्षाही स्वस्त पडतं. शिवाय ती बॅग नक्की जाते, तिला 'निल'ची भीती नाही.

पैस:
खूप मदत झाली. दुसऱ्या तिकिटाचा रकाना पाहिला: पहिल्या टप्प्यावर १पीसी, दुसऱ्यावर निल. स्टेटस दोन्हीकडे एचके. आता काय करावं? आणि प्रवासाच्या दिवशी काय सांभाळायचं?

तिकीटखिडकी:
अशी तुटक नोंद ही बहुतेक वेळा चूकच असते. बॅग एका टप्प्यावर आहे आणि पुढे नाही, असं मध्येच करणार काय? तिकीट देणाऱ्या कंपनीला, म्हणजे १३ आकड्यांतले पहिले तीन ज्या कंपनीचे आहेत तिला, लेखी कळवा: दुसऱ्या तिकिटाचा क्रमांक, टप्पा, रकान्यात काय दिसतं, आणि 'संपूर्ण प्रवासाला एकच सामान-नियम लावून तिकीट पुन्हा काढून द्या'. आरक्षणात नुसता शेरा लिहून घेऊ नका, तिकीटच दुरुस्त व्हायला हवं. काउंटरवरचा माणूस तिकीट वाचतो, शेरे वाचेलच असं नाही.

हे चेक-इन बॅगेपुरतं. दुसऱ्या टप्प्यावर खरोखरच जादा बॅग मिळत नाही असं उत्तर आलं, तर त्याच फोनवर एक बॅग आधीच विकत घेऊन टाका.

गेटपाशी:
प्रवासाच्या दिवसाचं सांगतो, कारण जादा सीट हातची जाते ती इथेच.

ऑनलाइन चेक-इन बहुतेक वेळा अडतं. यंत्रणा 'दुसऱ्या प्रवाशाचा' पासपोर्ट मागते. काहीबाही भरून पुढे जाऊ नका, काउंटरवर लवकर जा. तिथे दोन बोर्डिंग पास मागून घ्या. एकावर तुमचं नाव, दुसऱ्यावर आडनाव आणि ईएक्सएसटी, सीट क्रमांक शेजारचे. पुढच्या टप्प्याचेही दोन. म्हणजे एकूण चार कागद हातात हवेत. ॲपमध्ये दुसरा पास पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून कागदी घ्या.

गेटवर दोन्ही पास स्कॅन करून घ्या. हे सगळ्यांत महत्त्वाचं. एकच स्कॅन झाला तर यंत्रणेच्या लेखी एक प्रवासी आलाच नाही. दरवाजा बंद होण्याआधी 'न आलेल्यांच्या' सीट प्रतीक्षायादीतल्या लोकांना दिल्या जातात आणि पाच मिनिटांत तुमच्या शेजारी कोणीतरी येऊन बसतो. त्याची काही चूक नसते, त्याच्या हातात त्या सीटचा पास असतो. आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही: पहिला टप्पा न वापरलेला दिसला की त्या तिकिटाचे पुढचे सगळे टप्पे, परतीचासुद्धा, बहुतेक कंपन्या रद्द करतात. मग सामानाचा हक्कही त्याच तिकिटाबरोबर जातो. दुसऱ्या पासचा स्कॅन झाल्याचा आवाज स्वतः ऐका, आणि अर्धा तुकडा परत मिळाला की तो रिकाम्या सीटच्या खिशात दिसेल असा ठेवा. कोणी त्या सीटवर बसायला आलं तर केबिन क्रूला दाखवायला कागद तिथेच असतो.

सीट निवडताना सगळ्यांत पुढच्या भिंतीलगतची रांग आणि आपत्कालीन दाराजवळची रांग टाळा. तिथे जेवणाचा ट्रे पुष्कळदा आर्मरेस्टमध्ये असतो, म्हणून आर्मरेस्ट वर होत नाही आणि दोन सीट घेऊनही मध्ये भिंत राहते. सीटचा पट्टा पुरत नाही म्हणून त्याला जोडपट्टी लागत असेल तर आपत्कालीन दाराजवळ तसंही बसू देत नाहीत. जोडपट्टी विमानात चढतानाच क्रूकडे मागा. घरून आणलेली चालत नाही.

विमान बदललं, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्या प्रकारचं विमान लावलं, की सीटची नव्याने वाटणी होते आणि यंत्रणा तुम्हाला व 'ईएक्सएसटी'ला दोन वेगळ्या रांगांत बसवते. तिला दोघं अनोळखी वाटतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी सीट क्रमांक पाहा.

जवारी:
याच धाग्यात विचारतो. तानपुऱ्यासाठी सीबीबीजी घ्यायची असेल तर मापं कशी कळवायची? आणि सीटचे पैसे भरले म्हणजे वाद्याचा विमाही आपोआप वाढतो का?

खिडकीची सीट:
मापं पेटीसकट कळवा, नुसत्या वाद्याची नाही. सपाट जमिनीवर पेटी उभी करून उंची, भोपळ्याच्या बाजूची सर्वांत मोठी रुंदी आणि खोली, हे तीन आकडे सेंटिमीटरमध्ये. चौथा आकडा वजन. पेटीची मूठ, चाकं, बाहेर आलेली कडी हे सगळं मापात धरा. इकॉनॉमी सीटची रुंदी साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर असते आणि भोपळा नेमका तिथे नडतो; बऱ्याच तानपुऱ्यांची पेटी दोन आर्मरेस्टच्या मध्ये बसतच नाही. रुंदी बसत नसेल तर पेटी थोडी तिरकी ठेवून चालेल का, हे कंपनीने लेखी सांगायला हवं. 'बघू तिथे' हे उत्तर घेऊन विमानतळावर जाऊ नका.

वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ७५ किलोच्या आसपास आढळते, कारण सीट आणि तिचा पट्टा जेमतेम एका माणसाच्या वजनासाठी तपासलेले असतात. अमेरिकेत वाद्यांसाठी स्वतंत्र नियम आहे, मार्च २०१५पासून लागू. पेटीसकट १६५ पौंडांपर्यंतचं वाद्य, पेटी कोणाला इजा न करणारी आणि सीटवर नीट बांधता येणारी असेल, तर जादा तिकिटाचे पैसे घेऊन केबिनमध्ये न्यायला कंपनीने परवानगी द्यायची. विमानाच्या आकाराच्या आणि सुरक्षेच्या अटी अर्थातच राहतात.

जागा खिडकीचीच मिळते आणि तुम्ही शेजारी. आतल्या माणसाला बाहेर पडताना वाद्य आडवं येता कामा नये, आपत्कालीन दार अडता कामा नये, पट्टा बांधायच्या सूचनेचा दिवा मागच्यांना दिसत राहायला हवा. पुढच्या भिंतीलगतची रांग काही कंपन्या वाद्याला मुद्दाम देतात, काही तिथे ठेवूच देत नाहीत. तानपुऱ्याचा भोपळा खाली, सीटच्या मागच्या कोपऱ्यात टेकलेला, आणि जोडपट्टी लावून पट्टा पेटीच्या पोटाभोवती घट्ट. पेटीच्या मुठीतून पट्टा ओवला म्हणजे झालं असं नाही. मूठ तुटते, पेटी सुटते. बांधल्यावर दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहा, हलली नाही पाहिजे. पेटी गुळगुळीत असेल तर खाली पातळ रबरी जाळी ठेवा, नाहीतर उतरताना ती पट्ट्याखालून सरकते.

विम्याचं: नाही, वाढत नाही. मॉन्ट्रिअल करार (विमान कंपन्यांनी द्यायच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा माणसामागे आहे, सीटमागे किंवा तिकिटामागे नाही. २८ डिसेंबर २०२४पासून ती १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, त्याआधी १,२८८ होती. दोन सीट घेतल्या तरी माणूस एक, मर्यादा एकच. त्यातही केबिनमध्ये तुमच्याजवळ असलेल्या वस्तूचं नुकसान झालं तर कंपनीची चूक होती हे दाखवावं लागतं. चेक-इन बॅगेला ती अट नाही. जास्त किंमत जाहीर करून मर्यादा वाढवायची सोयही चेक-इन सामानालाच आहे. तेव्हा वाद्याचा विमा वेगळा उतरवा आणि त्यात 'विमानाच्या केबिनमध्ये' हे शब्द आहेत ना ते वाचा.

वजनकाटा:
बाळासाठी सीट घेणाऱ्यांनी वरचं सगळं स्वतःला लावू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर न घेता स्वतंत्र सीट घेतली, तर ते ईएक्सएसटी नव्हे, मुलाच्या भाड्याचं खरं तिकीट असतं. त्या मुलाला नाव, पासपोर्ट आणि बहुतेक कंपन्यांत मोठ्यांइतकीच बॅग असते. मांडीवरच्या बाळाला मात्र कमी. आरक्षण करताना चुकून 'जादा सीट' निवडली तर बाळाचा तो हक्क जातो.

पैस:
तिकीट पुन्हा काढून आलं, दोन्ही टप्प्यांवर १पीसी आहे. एकच शेवटचं: इतकं करूनही दुसरी सीट मिळालीच नाही, तर पैसे परत कसे मागायचे?

गेटपाशी:
विमानात असतानाच कामाला लागा. क्रूमधल्या प्रमुखाला सांगून त्यांच्या अहवालात सीट क्रमांकासह नोंद करायला लावा आणि तुमच्या दोन्ही पासांचा शेजारी बसलेल्याचा चेहरा न येईल असा फोटो घ्या. उतरल्यावर अर्ज दुसऱ्या तिकिटाच्या क्रमांकावर करायचा, तुमच्या तिकिटावर नाही. नाहीतर 'प्रवाशाने प्रवास केला आहे' असं उत्तर येऊन प्रकरण बंद होतं. न मिळालेल्या टप्प्याचं भाडं आणि त्यावरचे अधिभार दोन्ही मागा. दुसऱ्या तिकिटावरची बॅग त्या दिवशी नाकारून शुल्क घेतलं असेल तर ती पावतीही त्याच अर्जाला जोडा.

आणि अपंगत्वामुळे दुसरी सीट लागत असेल तर विकत घेण्याआधी त्या देशाचा नियम पाहा. कॅनडात देशांतर्गत उड्डाणांसाठी २००८ साली तिथल्या परिवहन संस्थेने निकाल दिला आणि २००९पासून एअर कॅनडा, जॅझ आणि वेस्टजेट या कंपन्यांना अशा प्रवाशाकडून दुसऱ्या सीटचं भाडं घेता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला आधी पाठवून मान्यता घ्यावी लागते, गेटवर मागून मिळत नाही.